‘गेम हा डोळ्यांचा खेळ’ म्हणणाऱ्यांना

सोलापुरातल्या आमच्या तीन-चार ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय : "अंधांसाठी व्हिडिओ गेम म्हणजे पैशाची नासाडी. गेम हा डोळ्यांचा खेळ. खेळणारे चार, खर्च दुप्पट, आणि त्यांच्यासाठी सोपा केला की बाकीच्यांची मजा गेली." पुढे पाठवणाऱ्यांत माझे मित्रही आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

डोळ्यांचा खेळ? माझा भाचा जन्मापासून अंध आहे. दिवाळीत जुळे सोलापूरला आमच्या घरी त्यानं हेडफोन लावला आणि ‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या गेममध्ये मला लागोपाठ हरवलं. २०२३च्या या गेममध्ये आवाजाच्या वेगळ्या सेटिंग आहेत. समोरचा किती लांब आहे, उडी मारून पलीकडे गेला का, फटका वर बसला की पायाशी, हे सगळं आवाजावरून कळतं. मी उडी मारली की त्याची मान किंचित वळायची, आणि मी खाली यायच्या आत त्याचं बोट बटणावर. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जुना कामगार पाठमोरा असला तरी मागाची खटखट बदलली की वळून बघतो. कानाचं काम असंच असतं.

मजा जाते म्हणावं, तर या सेटिंग आपण चालू केल्याशिवाय चालूच होत नाहीत. शिवाय आवाज अंतर सांगतो, ठोसा मारत नाही. मी मुद्दाम हरलो तर भाचा चिडतो.

खेळणारे चार, हेही खोटं. दृष्टिहीन म्हणजे सगळे पूर्ण अंध नव्हेत. मधुमेहानं नजर अधू झालेले आपल्याच गल्लीत आहेत. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ (२०२०) मध्ये साठांहून जास्त सुलभता सेटिंग आहेत. त्यातल्या एकीत आजूबाजूचं सगळं करडं होतं, साथीदार निळे आणि शत्रू लाल दिसतात. थोडं दिसणाऱ्याला एवढं पुरतं.

आता खर्च. अवघड कामं आहेत, हे मान्यच. २०२३च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये अंध माणसाला गाडी चालवता यावी म्हणून वळणं आवाजात आणली. त्यासाठी ब्रँडन कोल या अंध सल्लागाराची मदत घेतली. असं काम चार दिवसांत होत नाही. पण वायरिंग प्लास्टरच्या आधी केली तर भिंत फोडावी लागत नाही. आणि आपल्याकडच्या साध्या गेमांचं दुखणं याहून फार लहान आहे. भाच्याच्या फोनवरच्या लुडोत बोट फिरवलं तर स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणतो. "मामा, यातलं फासा टाकायचं कुठलं?" बनवणाऱ्यांनी प्रत्येक बटणाला नाव दिलेलं नाही, एवढंच. पट तर त्याच्या लेखी एक मुकं चित्र.

त्या कंपनीला दोनदा मेल केली, उत्तर नाही. तोवर किती पडले ते मी सांगतो. तो ऐकून घेतो आणि दर वेळी विचारतो, "खरंच पाच पडले ना?"