कमी माणसांत दुकान चालवायचं कसं?

अभिनंदन! तुम्ही स्टोअर मॅनेजर झालात. कालपर्यंत रोस्टर, म्हणजे कुणाची ड्यूटी कधी याचा तक्ता, बघून स्वतःच्या कपाळावर हात मारत होतात, आता तुमचं रोस्टर बघून बाकीचे मारतील. बढती म्हणजे आणखी वेगळं काय असतं? पगारात फार फरक पडला नसेल. पण व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद मिळालं आणि ओव्हरटाइम मागायची कटकट मिटली, कारण मॅनेजमेंटमधल्या माणसाने तो मागायचाच नसतो. या पदावर टिकायचं असेल तर पुढचं नीट वाचा. जेवायच्या सुट्टीत वाचता येईल. ती मिळाली तर.

सुरुवात माणसांच्या संख्येपासून करू. दुकानाला माणसं किती लागतात, हा प्रश्न नवखे विचारतात. मुरलेला मॅनेजर विचारतो, किती जणांत दुकान उघडं असल्यासारखं दिसेल? पहिल्याचं उत्तर नऊ आणि दुसऱ्याचं चार आलं, तर मधल्या पाच जणांना हेड ऑफिसात 'बचत' म्हणतात. ही बचत प्रत्यक्षात राहते कुठे, तर उरलेल्या चौघांच्या पाठीत, पोटऱ्यांत आणि टाचांत. पण त्याचा ताळेबंद कुणी मागत नाही, म्हणून तुम्हीही मांडू नका.

सगळी मेख अहवालाच्या रकान्यांत आहे. पगाराचा रकाना असतो, ठसठशीत, दशांश चिन्हापर्यंत. ट्रायल रूमबाहेर ताटकळून हातातले कपडे जवळच्या रॅकवर फेकून निघून गेलेल्या गिऱ्हाइकाचा रकाना नसतो. 'यातला मोठा साइज आहे का?' एवढं विचारायला कुणी सापडलं नाही म्हणून रिकाम्या हाताने गेलेल्याचाही नसतो. तेव्हा जे दिसतं ते कापायचं. जे दिसत नाही, ते घडलंच नाही असं समजायचं. महिनाअखेरीला तुमचं कौतुक पहिल्या रकान्यावरून होणार आहे.

या मार्गावर थोरामोठ्यांची पावलं उमटलेली आहेत. अमेरिकेत सर्किट सिटी नावाची इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची मोठी साखळी होती. मार्च २००७ मध्ये तिने सुमारे ३,४०० विक्रेत्यांना एका झटक्यात घरी पाठवलं. त्यांचा गुन्हा? पगार जास्त होता. म्हणजे बहुतेक तेच, ज्यांना कुठली वायर कुठल्या भोकात जाते हे ठाऊक होतं. त्यांच्या जागी स्वस्तातली माणसं घ्यायचं ठरलं. पगाराचा रकाना काय सुरेख दिसला असेल! नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ मध्ये उरलीसुरली दुकानंही बंद झाली. मंदी होती, स्पर्धा होती, कारणं पुष्कळ सांगतात. आपण तो विषय वाढवायचा नाही. पगाराचा खर्च शून्यावर आणणारी कंपनी म्हणून तिचा आदर ठेवायचा.

आता रोस्टर. हल्ली ते सॉफ्टवेअर बनवतं. मागच्या वर्षीची विक्री आणि गर्दी यांवरून ते दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडतं आणि कुठल्या तुकड्यात किती माणसं पुरतील ते सांगतं. उंटावरून शेळ्या हाकायची कला इतकी अचूक कधीच नव्हती. त्या बिचाऱ्याला एवढंच ठाऊक नसतं की मालाचा ट्रक दोन तास उशिरा येतो, बिलाचा रोल ऐन गर्दीत संपतो, बाटली फुटते तेव्हा ती कुणालातरी पुसावी लागते आणि काउंटरवरच्या माणसाला अधूनमधून लघवीलाही जावं लागतं. सॉफ्टवेअरच्या दुकानात कुणी आजारी पडत नाही. तुमच्या दुकानात पडतं, पण त्याचं पुढे बघू.

रोस्टर लावायची वेळ महत्त्वाची. फार आधी लावलंत तर लोक आयुष्याचे बेत आखतात. डॉक्टरची वेळ घेतात, कोर्सला नाव घालतात, मुलाला शाळेतून कोण आणणार ते ठरवतात. बेत असलेला माणूस 'नाही' म्हणू शकतो, आणि 'नाही' म्हणणारा माणूस रोस्टरला परवडत नाही. म्हणून आठवडा संपता संपता, रात्री उशिरा, पुढच्या आठवड्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. सकाळी तो बदलावा. बदल सांगायचा नाही, फक्त नवा फोटो टाकायचा. ज्याने पाहिला नाही त्याची चूक.

त्याहून सरस युक्ती म्हणजे 'बोलावलं तर या'. माणसाने तयार होऊन, फोन हातात घेऊन घरी बसायचं. गर्दी वाटली तर बोलवायचं, नाही वाटली तर 'आज नको' कळवायचं. त्याचा दिवस गेला, आपला पैसा गेला नाही. ही सुंदर व्यवस्था काही लोकांच्या डोळ्यांत खुपली. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाने, १३ मोठ्या साखळ्यांना पत्रं लिहून याबद्दल जाब विचारला आणि पुढे अनेकांनी ही पद्धत सोडून दिली. सॅन फ्रान्सिस्कोने तर २०१४ मध्येच मोठ्या साखळ्यांनी रोस्टर दोन आठवडे आधी द्यावं असा कायदा केला होता. सिएटलमध्ये तसाच नियम २०१७ पासून आला आणि ओरेगनने त्याच वर्षी अख्ख्या राज्यासाठी कायदा केला. दुकानं तिथे अजून उघडतात म्हणे. कशी, हे विचारत बसू नका. आपल्याकडे 'बिझनेसची गरज' हे दोन शब्द आहेत, ते कुठल्याही कायद्याइतके पुरतात.

रात्रीचं क्लोजिंग आणि सकाळचं ओपनिंग एकाच माणसाला द्यावं, हे मात्र विसरू नका. शटर ओढून, कॅश टॅली करून, विस्कटलेली टेबलं पुन्हा घड्या घालून लावून माणूस मध्यरात्रीच्या सुमारास घरी पोहोचतो. पहाटे निघाला की माल उतरवायला वेळेवर हजर. झोपेत जाणारा वेळ वाचतो आणि काल काय कुठे ठेवलं हेही त्याला आठवतं, वेगळं हँडओव्हर नको. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या तासांच्या निर्देशात २४ तासांत सलग ११ तास विश्रांती द्यावी असं म्हटलंय. त्यात झोप, जेवण, प्रवास, आंघोळ आणि घरच्यांचं तोंड बघणं अशी सगळी चैन धरलेली दिसते.

आता आजारपण. सकाळी फोन येईल, 'सर, अंगात ताप आहे.' आवाज मऊ करा आणि म्हणा, 'अरे बापरे, काळजी घे हं. आराम कर. फक्त तुझ्या जागी कोण येतंय ते बघून मला कळव.' बघा, किती सोपं! ताप त्याचा, सुट्टी त्याची, मग बदली माणूस शोधायचं काम आपलं कसं? तो अंथरुणातून सात जणांना फोन करेल, सातही जण नाही म्हणतील आणि आठव्या फोनवर तो तुम्हालाच सांगेल, 'सर, मीच येतो.' त्याला बिलिंगला बसवा. चुकलो, उभा करा. बसायचं काही नसतं तिथे. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्या, असा कायदा केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये करावा लागला. बसू द्यायला कायदा लागतो, यावरून आपल्या पूर्वसुरींनी या क्षेत्रात किती चोख काम करून ठेवलंय ते कळेल.

ग्रुपवर 'टीम, आज कोण येऊ शकेल?' असा मेसेज टाकण्यात अर्थ नाही. निळ्या टिका येतील, माणूस येणार नाही. त्यापेक्षा तुमच्या दुकानातली 'ती' शोधा. प्रत्येक दुकानात एक असा जीव असतोच, ज्याला नाही म्हणता येत नाही. तिला थेट फोन लावा.

'सर, आज माझा वीकऑफ आहे.'

'माहितीये गं, म्हणून तर फोन केला. ऑफ नसता तर तू इथेच असतीस ना?'

एवढ्यावर ती येते. आल्यावर ती काउंटर सांभाळते, नव्या पोराला बारकोड कसा मारायचा ते शिकवते, बदलून द्या म्हणून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला शांत करते आणि जाताना सांडलेलं पुसूनही जाते. तिला महिन्यातून एकदा 'स्टार ऑफ द मंथ'चा कागद द्या, फोटो काढा. कागद फार खर्चिक नको. काही महिन्यांनी ती एका ओळीचा राजीनामा देईल. नोकरी सोडताना घेतात त्या एग्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर कारण लिहायला एक रकाना असतो, तिथे 'वैयक्तिक' असं लिहून घ्या. दुसरं काही लिहिलं तर सिस्टीम पुढे जात नाही.

आणि इथे तुमची खरी कसोटी. तिच्या जागी लगेच माणूस मागू नका! दोन महिने कसेबसे ढकला. बाकीचे लोक ब्रेक सोडतील, पळतील, एकमेकांवर खेकसतील, पण दुकान चालेल. मग वरून मेल येईल: ही जागा रिकामी असूनही काम अडलेलं नाही, सबब जागा रद्द. भागवून नेलंत, म्हणजे गरजच नव्हती. भागवलं नसतंत, तर तुम्ही नालायक होतात. या न्यायाला अपील नाही. मला तर तो फार आवडतो, इतकं स्वच्छ काही क्वचितच बघायला मिळतं.

यातून विक्री घसरेल, तर घाबरू नका, त्यासाठीही सोय आहे. माणसांचे तास विक्रीच्या टक्क्यांवर ठरतात. विक्री कमी झाली की तास कमी, तास कमी झाले की फ्लोअरवर माणूस नाही, माणूस नाही म्हणून विक्री आणखी कमी, मग तास आणखी कमी. दरवेळी आकडे टक्क्यांत बरोबरच येतात.

गोदामाचं काय, असं एखादा चौकस विचारेल. गोदाम असू दे तसंच. खोके उघडायला माणूस नाही, म्हणून माल मागे पडून आहे. पुढे रॅक रिकामी आहे आणि सिस्टीम म्हणते तीन नग शिल्लक. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या अभ्यासकांनी एकाच साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० साठा-नोंदी तपासल्या, त्यांतल्या ६५ टक्के चुकीच्या निघाल्या. तुमच्या दुकानात त्याहून कमी चुका असतील, तर तुमच्याकडे मोजायला वेळ असलेला माणूस आहे. त्याचे तास ताबडतोब कापा.

गिऱ्हाईक चिडणारच. बारा जणांच्या रांगेपुढे एक काउंटर चालू आणि चार बंद असले की माणसाला आपला अपमान झाल्यासारखं वाटतं, आणि तो राग समोरच्या एकुलत्या एका मुलावर निघतो, जो कामावर आलाय. न आलेल्यांवर ओरडता येत नाही ना. त्या मुलाला हसायला शिकवा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाताना ओठांचे कोपरे वर ठेवायचे, एवढंच तंत्र. शिवाय प्रत्येकाला मेंबरशिप नंबर विचारायचा, नवी स्कीम सांगायची, पिशवी हवी का विचारायचं आणि पाच तारे द्या म्हणायचं. गिऱ्हाईक बनून गुपचूप दुकान तपासायला येणाऱ्या मिस्टरी शॉपरने 'स्टाफ दिसला नाही' असा शेरा मारला, तर स्टाफला स्वागत कसं करावं याचा व्हिडिओ पाठवा. घरी बघतील.

गिऱ्हाइकालाच कामाला लावायची वाट जुनीच. १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये 'पिगली विगली' हे किराणा दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन 'घ्या आपापलं' म्हटलं. आता बिलही आपापलं करा म्हणायचं. सहा यंत्रं, एक मदतनीस, आणि सहाही यंत्रं एकदम लाल दिवा लावून त्याच्याच नावाने बोंब मारणारी.

एखाददिवशी कुणीतरी शहाणा तुम्हाला 'गॅप' या अमेरिकन कपड्यांच्या साखळीतला प्रयोग ऐकवेल. २०१५-१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या त्यांच्या २८ दुकानांत जोन विल्यम्स, सुसान लॅम्बर्ट आणि सरवणन केसवन या अभ्यासकांनी काही दुकानांत शिफ्टच्या वेळा स्थिर केल्या, त्यांतल्या काही ठिकाणी माणसांचे तासही वाढवले आणि बाकीच्या दुकानांशी तुलना केली. बदल केलेल्या दुकानांत मध्यक (मीडियन) विक्री ७ टक्क्यांनी वाढली आणि कामाची उत्पादकता ५ टक्क्यांनी. म्हणजे माणसं कापल्याने पैसा वाचतो, हे म्हणणंच लटकं ठरलं. हा कागद चुकूनही हेड ऑफिसला पाठवू नका. तिथल्या लोकांनी कापाकापीवर बोनस घेतलेत, त्यांना उगाच अवघडल्यासारखं होईल.

एक खासगीतलं. रोस्टरमध्ये जी भोकं उरतात ती तुम्हीच बुजवायची असतात. तुमचे तास मोजले जात नाहीत, म्हणून तुम्ही सगळ्यात स्वस्त. काउंटरला तुम्ही, ट्रकवर तुम्ही, रात्री शटरला तुम्ही. फक्त पगाराच्या त्या रकान्यात तुमचंही नाव आहे, हे एरिया मॅनेजरच्या नुकतंच लक्षात आलंय. जवळजवळच्या दोन दुकानांना मिळून एक मॅनेजर पुरेल, असं परवाच्या मीटिंगमध्ये ठरलं, आणि तुमचंच नाव पुढे आलं कारण तुमचं दुकान सगळ्यात कमी माणसांत चालतं. दोन्ही दुकानं एकाच वेळी उघडतात, असं कुणीतरी म्हणायला गेलं, तर त्याला निगेटिव्ह म्हणाले. तुम्ही तसं काही बोलू नका. दुसऱ्या दुकानाच्या किल्ल्या संध्याकाळी घेऊन ठेवा, उद्या तिथलंही ओपनिंग तुमच्याकडेच आहे. रोस्टरचा फोटो रात्री येईल.