ऑक्सिजनचा बाटला आणि आपली पोरं

आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गॅस कटिंगला नवीन पोरगं आलं की त्याला आधी एकच गोष्ट शिकवतात. ऑक्सिजनच्या बाटल्याला तेलकट हात लावायचा नाही. रेग्युलेटरच्या आट्यांना ग्रीस नाही, जवळपास तेलाचं बोळकं नाही, आणि कितीही घाम आला तरी ऑक्सिजनच्या पाइपानं अंगावर वारा घ्यायचा नाही. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. पण कपड्यात तो मुरलेला असला की एक ठिणगी पुरते, आणि मग विझवायला वेळ मिळत नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असलेली एक जाहिरात. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी 'हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी', म्हणजे बंद चेंबरमध्ये हवेचा दाब वाढवून ऑक्सिजन द्यायचा. काचेच्या मोठ्या नळकांड्यात निजलेल्या गोऱ्यागोमट्या मुलाचा फोटो, खाली चाळीस सेशनचं पॅकेज आणि ईएमआयची सोय. मी फॅब्रिकेशनवाला, आणि माझा अकरा वर्षांचा पोरगा ऑटिस्टिक. त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच आले. खानापूरकडच्या एका बापानं फोन केला, "दादा, तुमचं काम ऑक्सिजनचंच नव्हं काय? तुम्हीच सांगा की, करू काय नको?" त्याची मुलगी चार वर्षांची. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवायचं घरात जवळजवळ ठरलेलं.

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण पाटल्या ठेवायच्या आधी वाचा.

आधी एक कबूल करू, हा उपचार मुळात खोटा नाही. खोल पाण्यात काम करणारा डायव्हर घाईनं वर आला की त्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे धरतात, त्याला अशा चेंबरमध्ये घालून वाचवतात. कार्बन मोनॉक्साइडनं गुदमरलेला माणूस, मधुमेहात पायाची न भरणारी जखम, कॅन्सरच्या रेडिएशननं खराब झालेला भाग, यांच्यासाठी मोठ्या दवाखान्यांत तो रीतसर वापरतात. तिथं दाब नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहून थोडा जास्त असतो, ऑक्सिजन शुद्ध असतो आणि बाजूला शिकलेला माणूस उभा असतो. जास्तीचा ऑक्सिजन रक्तातल्या पाण्यात विरघळतो आणि जिथं रक्त नीट पोचत नाही तिथपर्यंत जातो. ज्याला कमी पडतंय त्याला जास्त द्यायचं, इतका साधा हिशेब आहे.

आता आपल्या पोरांना कमी पडतंय काय? कोरोनात प्रत्येकानं बोटाला लावायचं ते यंत्र घेतलं होतं. कपाटातून काढा, सेल बदला, पोराच्या बोटाला लावा. ९७, ९८ दाखवेल. म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन जवळजवळ भरलेलंच आहे. "पण मेंदूला रक्त कमी जातंय असं स्कॅनमध्ये दिसतं," असं सेंटरवाले म्हणतात. ऑक्सिजन जास्त झाला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे रक्त उलट कमीच जातं, हे शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात आहे. ते मात्र कुणी सांगत नाही.

'ऑक्सिजन' ऐकलं की आपण सगळे का विरघळतो ते मला कळतं. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला, आमची कटिंगची टेबलं बंद पडली, आणि कुणाचंही त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. एकेका बाटल्यासाठी माणसं रात्रभर फिरत होती. चामराजनगरला सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन संपून माणसं गेली, ते कर्नाटकात कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून ऑक्सिजन म्हणजे जीव, हे डोक्यात पक्कं बसलंय. त्या भीतीवर आता दुसरंच काही विकलं जातंय.

बरं, पुष्कळ ठिकाणी जे चेंबर असतं ते दवाखान्यातल्यासारखं नसतंच. झिप लावलेली फुगवायची पिशवी, आत १.३ पट दाब, फार तर थोडा वाढवलेला ऑक्सिजन. गुणाकार करून बघा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. तो २४ केला आणि दाब १.३ पट केला तर साध्या दाबाला ३१ टक्के ऑक्सिजन घेण्याइतकंच होतं. नाकात नळी लावून तेवढा कुठल्याही दवाखान्यात मिळतो. आणि पिशवीत नुसती हवाच भरली तर २७. आपलं बेळगाव समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर उंच. चोर्ला घाट उतरून पणजीला गेलात की हवेचा दाब आपोआप आठ-नऊ टक्क्यांनी वाढतो. मिरामारला पोराला वाळूत सोडा. सुधारणेची हमी मी देत नाही, पण पोरगं खूश होईल.

अभ्यास झालेत काय? झालेत. जाहिरातीत ज्याचा हवाला असतो तो २००९चा, अमेरिकेतला, ६२ मुलांचा. निम्म्या मुलांना १.३ पट दाब आणि २४ टक्के ऑक्सिजन, उरलेल्यांना नावापुरता ३ टक्के जास्त दाब आणि साधी हवा. पहिल्या गटात जास्त सुधारणा दिसली असं लिहिलंय. त्याच लेखात खाली हेही लिहिलंय की करणाऱ्यांपैकी बरेच डॉक्टर आपापल्या दवाखान्यात हाच उपचार देतात आणि त्यातून त्यांना उत्पन्न मिळतं. त्यांनी ते लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं. जाहिरातवाल्यानं मात्र तेवढी ओळ गाळली.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतच दुसऱ्या गटानं तेवढाच दाब, तेवढाच ऑक्सिजन ठेवून ८० सेशन दिली. फरक काही नाही. मग २०१२ मध्ये थायलंडमध्ये ६० मुलांवर झालेला अभ्यास, आणि माझ्या मते पालकांनी वाचायचा तो हा. इथं पिशवी नव्हती. दीड पट दाब आणि शुद्ध ऑक्सिजन, समोरच्या गटाला थोडा दाब आणि साधी हवा. कुणाला काय मिळतंय हे आईबापांना माहीत नव्हतं. वीस सेशननंतर दोन्ही गटांतल्या आईबापांनी सांगितलं, पोरगं सुधारलं. दोन्ही गटांतल्या. आणि दोन गटांत फरक नाही. २०१६ मध्ये कोक्रेनवाल्यांनी, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं, सगळं चाळून पाहिलं, तेव्हा त्यांच्या निकषात बसणारा हाच एक अभ्यास सापडला, आणि ऑटिझमवर या उपचाराचा उपयोग होतो असा पुरावा नाही असं त्यांनी लिहिलं. औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं तर २०१३ मध्येच लोकांना सावध केलं होतं, की ऑटिझमसाठी या यंत्रांना आमची मान्यता नाही.

त्या थायलंडच्या आईबापांबद्दल मी फार विचार केलाय. ती माणसं खोटं बोलत नव्हती. चार-पाच वर्षांचं मूल दोन महिन्यांत वाढतंच. आमचा पोरगा त्या वयात सहा महिने एका जागी थांबला आणि मग गणपतीच्या आठवड्यात एकदम तीन शब्द बोलला. त्या आठवड्यात आम्ही जे काही देत असतो त्याचंच नाव झालं असतं. बाटली असती तर बाटलीचं, भस्म असतं तर भस्माचं. शिवाय पुष्कळ ठिकाणी आई किंवा बाप मुलाबरोबर चेंबरमध्ये बसतो. मोबाइल आत न्यायला बंदी. म्हणजे रोज एक तास आई, मूल, मांडी, गाणं, गप्पा. असा तास घरात कुठल्या पोराला मिळतो? सुधारणा खरी असेल हो. ती त्या आईची आणि पोराची कमाई आहे, बिल मात्र कॉम्प्रेसरच्या नावावर फाडतात.

"पण नुकसान तर नाही ना?" हा प्रश्न ग्रुपवर दहा जणांनी विचारला. आहे. दाब वाढला की कान दडपतो. घाट उतरताना आपण गिळतो, जांभई देतो, मोठ्या माणसाला नाक दाबून फुंकायला सांगता येतं. जे पोरगं तहान लागली हेही बोटानं दाखवत नाही ते कान ठणकतोय हे कसं सांगणार? ते डोकं आपटेल, चावेल, आणि बाहेर बसलेला माणूस म्हणेल, "बिहेवियर आहे, सवय होईल." थायलंडमध्ये कानाला इजा झालेली मुलं निघालीच. आणि शुद्ध ऑक्सिजन जास्त दाबाला दिला तर क्वचित फिट येते. ऑटिझम असलेल्या मुलांत फिट्सचं प्रमाण मुळात इतर मुलांपेक्षा जास्त, पण मुलीला फिट येते काय हे सेंटरवाल्यानं विचारलंच नाही असं खानापूरचा बाप म्हणाला.

आणि आग. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावी पाच वर्षांचं पोरगं चेंबरमध्ये असताना आत आग लागली. ते जागीच गेलं. तिथल्या लोकांवर खटले भरले गेले. २००९ मध्ये फ्लोरिडात इटलीहून उपचाराला आणलेलं चार वर्षांचं मूल आणि त्याची आजी अशाच आगीत गेली. त्यातल्या कुणालाच ऑटिझम नव्हता, पण चेंबरला त्यानं काय फरक पडतो? आमच्याकडे इन्स्पेक्टर येतो तेव्हा बाटले साखळीनं बांधलेत काय, होज तडकलेत काय, हे बघतो. गल्लीतल्या गाळ्यात थाटलेल्या सेंटरमध्ये पोराच्या अंगावर नायलॉनचा टीशर्ट आहे काय, केसांना तेल आहे काय, अर्थिंग दिलंय काय, हे कोण बघणार? तेल तर आपल्याकडे आई रोज चोपडूनच पाठवते.

मी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलणाऱ्याला कधी हसलो नाही. आमच्या आईनंही बोललाय. नवसाला खण-नारळ लागतो, ईएमआय लागत नाही.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. हे दुकान चालतं कारण दुसरी दुकानं बंद आहेत. ज्याचा उपयोग होतो ते काम रटाळ असतं. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, चित्रांची कार्डं, आणि घरी आईबापानं तेच तेच परत परत करणं. त्याला फोटो काढण्यासारखी नळकांडी नसते. निपाणी, चिक्कोडी, खानापूर सोडा, बेळगावातसुद्धा मराठीत काम करणारी स्पीच थेरपिस्ट मिळायला आम्हाला किती दारं ठोठवावी लागली. एका ठिकाणी सांगितलं, घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, पोरगं गोंधळतंय. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणजे आजीनं गप्प बसायचं! दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात कुठं दिसलेलं नाही. आमचा पोरगा घरी 'पाणी' म्हणतो, शेजारच्या अक्काच्या दारात 'नीरु' म्हणतो, दोन्हीकडे पेला मिळतो.

खानापूरच्या बापाला मी म्हणालो, पाटल्या राहू देत. आधी जिल्हा दवाखान्यात जा, सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी आणि थेरपीची सोय असते, ती मागून घे. अपंगत्वाचा दाखला काढ. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात ऑटिझम आहे. दाखला असला की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. अर्ज कन्नडमध्ये असला तर माझ्याकडे घेऊन ये, आमची बायको भरून देते. बंगळूरच्या निम्हान्स दवाखान्यात किंवा म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत एकदा दाखवून आण, रात्रीच्या गाडीचं तिकीट चाळीस सेशनपेक्षा स्वस्तच पडेल. तो "बरं दादा" म्हणाला. सेंटरवाल्यानं सवलतीची मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली आहे असंही म्हणाला. काय करतोय ते अजून कळवलेलं नाही.

एक नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव आला की आपल्या गावात कन्नड बाजू मिरवणूक काढते, मराठी बाजू काळ्या फिती लावते. दोन्हीकडे ऑटिस्टिक पोरं आहेत, दोन्हीकडच्या आया त्याच जाहिराती बघतात. खानापूर आणि निपाणीच्या तालुका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसणारा, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा एकेक स्पीच थेरपिस्ट द्या, असं निवेदन कुणी तयार करत असेल तर मला मसुदा पाठवा. सही करतो, आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला द्यायला जायचं असेल त्या दिवशी कारखाना बंद ठेवून येतो.