जरा हलकं काहीतरी

आमच्या घरात वस्तू मरत नाहीत, फार तर माळ्यावर जातात. आईचा मिक्सर १९८९ चा आहे. त्याची भांडी तीनदा बदलली, मोटार दोनदा बदलली, बटण गेल्या दिवाळीत बदललं. तरी आई पाहुण्यांना अभिमानानं सांगते, "तोच चालतोय अजून." त्यामुळे माळ्यावरून तिचा जुना छोटा लॅपटॉप काढून मी म्हणालो, "हा आता भंगारात देऊया," तेव्हा घरात जी शांतता पसरली ती फक्त कुणीतरी गेल्यावर पसरते.

"त्यात माझी भजनं आहेत," आई म्हणाली.

आई शिक्षिका होती. रीतसर एमएस-सीआयटी केलेली, इनस्क्रिप्ट या मराठी की-बोर्डवर न बघता टाईप करणारी. निवृत्तीच्या सुमारास तिनं भजनी मंडळाची दोनशे बारा भजनं या लॅपटॉपवर टाईप केली होती. लॅपटॉप म्हणजे दहा इंची पडदा, ॲटम एन-२७० प्रोसेसर, एक जीबी रॅम आणि विंडोज एक्सपी, ज्याचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. मी तो सुरू केला आणि कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली, वरण घोटून झालं, तेव्हा कुठे पडद्यावर हिरवं माळरान उगवलं. माऊस मात्र अजून जागा व्हायचा होता.

"नवा घेऊ," मी म्हणालो.

"हा मोडलाय का?"

यावर उत्तर नसतं. मोडलेला नव्हता, नुसता म्हातारा झाला होता. आणि हा भेद चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला समजावून सांगण्याइतका मी मूर्ख नाही.

मग मी उत्साहाच्या भरात जाहीर केलं, की यात आपण एखादं हलकं सॉफ्टवेअर घालू. इथे पहिली चूक झाली. इंग्रजीत हलकं म्हणजे वजनानं कमी. मराठीत हलकं म्हणजे दोन धुण्यांत विटणारं.

"हलकं कशाला? चांगलं घाल की. पैसे मी देते."

"पैसे लागतच नाहीत गं. फुकट आहे."

"हलकं, आणि वर फुकट!" आईनं बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून मटार सोलत राहिली.

मी सावरायला गेलो. फुकट नाही, मुक्त. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमननं ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून ही मंडळी जगाला ओरडून सांगताहेत की आमचं 'फ्री' म्हणजे स्वातंत्र्यातलं, फुकटातलं नव्हे. आपल्याकडे दोन्हींना सरळ वेगळे शब्द आहेत, म्हणजे मराठी माणसाला हे एका वाक्यात कळायला हवं. आई थोडा विचार करून म्हणाली, "मुक्त म्हणजे मुक्त विद्यापीठासारखं?" मी म्हणालो, साधारण तसंच, कुणीही या, आत काय चाललंय ते बघा, पटलं नाही तर बदला. "मग परीक्षा कोण घेतं?" या प्रश्नाचं उत्तर पुढचे तीन आठवडे मला मिळत गेलं. परीक्षा माझीच होती.

विंडोजच्या जागी घालायची अशी मुक्त प्रणाली म्हणजे लिनक्स. तिचे प्रकार पुष्कळ, आणि त्यातला एक निवडणं म्हणजे लक्ष्मी रोडवर बस्ता बांधायला जाणं. एक घ्यायची म्हणून आत शिरावं आणि गादीवर चाळीस उलगडल्या जाव्यात. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो फोनवर म्हणाला, "मामा, डोळे झाकून उबंटू टाक." डोळे उघडून पाहिलं तर हा प्रोसेसर जुन्या, ३२ बिटच्या पिढीतला, आणि उबंटूनं ३२ बिटची दुकानदारी कधीच बंद केलेली. "मग डेबियन." डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यात ३२ बिटसाठी इन्स्टॉलरच नाही. १२ मध्ये होता. म्हणजे आईच्या लॅपटॉपची गाडी फलाटावरून हलली होती, आम्ही पिशव्या घेऊन शेवटच्या डब्यामागे धावत होतो.

डेबियनची एक गोष्ट मात्र आईला आवडली. १९९३ साली इयन मर्डॉक नावाच्या मुलानं ते सुरू केलं आणि मैत्रीण डेब्रा आणि स्वतः अशी दोन नावं जोडून त्याचं बारसं केलं. "तिचं नाव आधी घातलं," आई म्हणाली, "वळण चांगलं आहे." पुढे त्यांचं लग्न झालं आणि काडीमोडही झाला. हे मी सांगितलं नाही. एवीतेवी निवड अवघड झाली होती.

बाकी सगळं प्राणिसंग्रहालय. लिनक्सचा पेंग्विन, ग्नूचं ते दाढीवालं रानटी जनावर, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपचा उंदीर. मी वहीत तक्ता आखला. रकाने पाडले: रॅम किती, ३२ बिट आहे का, मराठी दिसतं का. वही भरत आली तरी पेनड्राईव्हवर काही उतरलं नव्हतं. बायको म्हणाली, "आपलं लग्न यापेक्षा कमी वेळात ठरलं होतं."

त्या लग्नाचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. आयएसओ फाईल, म्हणजे अख्खी प्रणाली बांधलेलं गाठोडं, पेनड्राईव्हवर उतरवताना आधीचं सगळं पुसलं जातं. संगणक तसं विचारतोही. मी रात्री साडेअकराला, दोन पेनड्राईव्ह लावलेले असताना, ठामपणे 'हो' म्हणालो. चुकीच्या पेनड्राईव्हला. त्यात आमच्या साखरपुड्याचे फोटो होते.

"मग आता परत करायचा का?" बायकोनं विचारलं. "की या वेळी मी पण तक्ता आखू?"

दुसऱ्या दिवशी घराबाहेर राहणं श्रेयस्कर वाटल्यानं मी तपकीर गल्लीतल्या दुकानांत रॅम शोधायला गेलो. या लॅपटॉपच्या पोटात रॅमची एकच खाच आहे आणि तिथे जास्तीत जास्त दोन जीबी चालते. एकाच्या जागी दोन घातली की दुप्पट होते, एवढं गणित मला येतं. पहिल्या दुकानदारानं "डीडीआर-टू" हे जुन्या रॅमचं नाव ऐकून आतल्या माणसाला बाहेर बोलावलं, मला दाखवायला. तिसऱ्या दुकानात एका म्हाताऱ्यांनी खालचा खण उघडला, जुन्या पावत्या, तुटके माऊस, एक अख्खी सुपारी बाजूला केली आणि रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यातून एक पट्टी काढून शर्टाला पुसली. "साडेतीनशे. चालली नाही तर परत आणू नका, माझ्याकडेही चालत नाही." घरी येऊन मागचे दोन स्क्रू काढले, पट्टी तिरकी घालून खाली दाबली. 'टक्' असा आवाज आला. तीन आठवड्यांतलं माझं ते पहिलं यश.

त्या रात्री अकरा वाजता मी पप्पी लिनक्सचा पेनड्राईव्ह लावला. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलरनं २००३ मध्ये हे सुरू केलं आणि आपल्या कुत्र्याचं नाव त्याला दिलं. याची गंमत अशी की ते आधी सगळंच्या सगळं रॅममध्ये चढून बसतं आणि तिथूनच चालतं. जुन्या कण्हणाऱ्या हार्डडिस्कला हात लावावा लागत नाही. त्याची एक ३२ बिटची आवृत्ती डेबियन १२ वर बेतलेली मिळते, आमची शेवटच्या डब्याची दांडी हीच. एस्केप, एफ-टू, एफ-ट्वेल्व्ह अशा सगळ्या पट्ट्या पेटी वाजवावी तशा दाबत होतो, त्यातली कुठली तरी लागली. काळ्या पडद्यावर अक्षरं धावली, आणि मग लॅपटॉप भुंकला.

दोनदा. पूर्ण आवाजात.

हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू झालं की भुंकतं, हे माझ्या तक्त्यात नव्हतं. तसा रकानाच नव्हता. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यानं उत्तर दिलं, त्याला समोरच्या सोसायटीतल्या दोघांनी. आई चष्मा लावत बाहेर आली.

"कोण आहे?"

"लॅपटॉप."

तिनं खुर्ची ओढली. कुकरच्या एका शिट्टीत जेवढा वेळ जातो तेवढ्यात सगळं उघडलं होतं. तिनं एका चित्रावर बोट ठेवलं, खिडकी उघडली. दुसऱ्यावर ठेवलं, पत्ते आले. "हेच ठेव," ती म्हणाली. मी वही पुढे केली, अजून चार बघायची आहेत म्हणालो. "हे इमानी वाटतं," आई म्हणाली. विषय संपला.

म्हणजे माझ्यापुरता सुरू झाला. लॅपटॉप बंद करताना पप्पी विचारतं, आज जे काही केलंत ते जपून ठेवू का? झोपेत मी 'नको' म्हणालो. सकाळी सगळं कोरं. वायफायचा पासवर्ड, मराठी की-बोर्ड, आईनं लावलेला विठोबाचा फोटो, सगळं गेलं आणि यंत्रानं नव्यानं ओळख झाल्यासारखं पुन्हा भुंकून दाखवलं. "पाटी पुसलीस," आई म्हणाली. तिच्या आवाजात इयत्ता तिसरी होती.

मग कळलं की एकही संकेतस्थळ उघडत नाही. धोका, धोका, असं लाल अक्षरांत. मी अर्धा दिवस वायफायला शिव्या घातल्या. शेवटी आईनंच कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं: १ जानेवारी २००९. आतला बटणाएवढा सेल संपला होता, आणि संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रं २००९ च्या हिशेबानं अजून जन्मलीच नव्हती. "याच्या मते माझी अजून दीड वर्ष नोकरी आहे," आई म्हणाली आणि कितीतरी वेळ ते घड्याळ बदलूच देईना.

आता खरं सांगायचं तर हलक्या सॉफ्टवेअरची ही सगळी कसरत एका जागी येऊन आपटते, ती म्हणजे ब्राऊझर. पप्पी स्वतः बसलं होतं तेव्हा आईच्या लॅपटॉपवर रॅमचा काटा दोनशे एमबीच्या आसपास होता. आईनं पेपरचं एक पान उघडलं. एक पान! काटा सातशेवर गेला. बातमी चार ओळींची होती, पाऊस पडणार अशी. उरलेलं सगळं फ्लॅटच्या जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि 'हेही वाचा'. घरात आपण पथ्याचं करावं आणि पाहुण्यांनी जिलब्यांचा डबा घेऊन यावं, तसं. मी युब्लॉक ओरिजिन बसवलं, जाहिराती गेल्या, काटा बराच खाली आला आणि पानावर खरोखरच चार ओळी उरल्या. आई म्हणाली, "पेपर संपला?"

आणि मग भजनं. जुन्या डिस्कचं चित्र पप्पीच्या पडद्यावर खाली दिसतच होतं. त्यावर टिचकी मारली, फोल्डर उघडलं, फाईल उघडली. पडद्यावर टोपी घातलेले ओ, शेपटीवाले सी, मध्येच पौंडाचं चिन्ह. आईचा चेहरा पडला. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी ज्यांनी मराठी टाईप केलं त्यांना हे दुःख माहीत आहे. फाईलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेले असतात. फाँट गेला की कपडे उतरले. मी एक्सपीच्या फाँटच्या फोल्डरमध्ये शिरलो, तो जुना फाँट शोधला, उचलून इकडच्या फोल्डरमध्ये टाकला आणि फाईल बंद करून पुन्हा उघडली.

'रूप पाहतां लोचनीं'. अनुस्वारासकट.

आई काही बोलली नाही. तिनं एकदा सगळं खालपर्यंत सरकवून पाहिलं आणि सत्त्याऐंशीव्या भजनात एक ऱ्हस्व दीर्घ केला.

या विजयाच्या कैफात मी तिच्या जुन्या फोनकडेही वळलो होतो. लिनिएजओएस ही फोनसाठीची मुक्त प्रणाली घालावी, २०१६ पासून हे लोक कंपन्यांनी सोडून दिलेले फोन जगवताहेत. पण बूटलोडर, म्हणजे फोनचं आतलं कुलूप, उघडला की बँकेचं ॲप रुसण्याची शक्यता असते, आणि ज्या फोनवर पेन्शनचा मेसेज येतो त्याच्या वाटेला मी जात नाही. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानातून दोन-चार छोटी ॲप्स घातली, सुप्रभातचे अडीच हजार फोटो उडवले. फोन धावायला लागला. आई अजून त्यातला एक विशिष्ट सुप्रभात शोधते आहे.

पुढच्या वेळी मी लॅपटॉप नीट 'जपून ठेव' म्हणून बंद केला. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं मला उठवलं. "आज भुंकला नाही रे. बरं नाही का त्याला?" ते भुंकणं फक्त ओळख होईपर्यंत असतं, हे सांगून उपयोग झाला नाही. शेवटी मी त्याची आवाजाची फाईल शोधून स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये टाकली. आता आमच्याकडे रोज साडेपाचला आधी लॅपटॉप भुंकतो, मग खालचा कुत्रा, मग काकड आरती.

गेल्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर निरोप आला. २०१७ मध्ये घसघशीत पैसे मोजून घेतलेला, आठ जीबी रॅमचा. हा संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वाचत बसलो होतो, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिनं माझ्या खांद्यावरून पाहिलं.

"मोडलाय का?"

"नाही."

"मग जरा हलकं घाल की काहीतरी," ती म्हणाली. "या वयात जड सोसत नाही."