विकत घेतलेला गेम कपाटात ठेवता आला पाहिजे

दोन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदाच जीओजी नावाच्या ऑनलाइन दुकानातून कॉम्प्युटरवर खेळायचा गेम विकत घेतला. तेव्हापासून विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय. मुलांना गेम घेऊन देणाऱ्यांनी तर नक्की वाचा.

आधी माझं कुठे बिनसलं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून (नाव लिहीत नाही) घेतलेले माझे अकरा गेम एका दिवसात गेले. मोबाईल नंबर बदलला होता, ओटीपी जुन्या नंबरवर जात राहिला आणि अकाउंट लॉक झालं. पावत्यांचे स्क्रीनशॉट पाठवले. तीन वेळा तेच उत्तर आलं, शब्दसुद्धा तेच. त्यातले दोन गेम दिवाळीच्या बोनसमधून घेतलेले. पैसे गेल्याचं बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आजही दिसतं. खूप जिव्हारी लागलं होतं.

खरं म्हणजे बहुतेक ठिकाणी आपण गेम विकत घेतच नाही, फक्त खेळायची परवानगी घेतो. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला की हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. त्याच वर्षीपासून स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्येही पैसे भरण्याआधी तशी ओळ दिसते. स्टीमबद्दल मला आदर आहे. 2015 मध्ये त्यांनी रुपयांत किमती लावल्या आणि माझ्यासारखे कितीतरी जण चोरीच्या सीडी सोडून पैसे भरून खेळायला लागले. पण परवानगी ती परवानगीच. युबिसॉफ्ट कंपनीच्या 'द क्रू' या गेमचं काय झालं बघा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याच्याबरोबर गेला. ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते त्यांच्या हातात काही उरलं नाही.

जीओजी म्हणजे गुड ओल्ड गेम्स. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 मध्ये सुरू केलेलं दुकान. या कंपनीची सुरुवात 1994 ची, बाहेरून गेमच्या सीडी आणून विकण्यापासून. तिथेही तेव्हा आपल्या मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारखा चोरीच्या सीडींचा सुळसुळाट होता. मग 1999 मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा गेम पोलिश भाषेत आणला, चांगल्या खोक्यात, सोबत नकाशा वगैरे देऊन. लोकांनी पैसे देऊन घेतला. गिऱ्हाइकाला चोर न समजता चांगला माल दिला की तो पैसे देतो, हे ज्यांना तेव्हा कळलं, त्यांच्याच दुकानात कुलूप नसलेले, म्हणजे लॉगिन न मागता चालणारे गेम मिळतात यात मला नवल वाटत नाही.

मी घेतला 'कमांडोज', 1998 चा. पहारेकऱ्यांची नजर चुकवत आपले सैनिक पुढे न्यायचे, असा गेम. आमच्या गावाजवळच्या सायबर कॅफेत वीस रुपये तास होता. मी आणि दादा दहा-दहा रुपये काढायचो आणि एका खुर्चीवर दोघं बसायचो. माऊस माझ्याकडे, पहारेकऱ्यांवर नजर दादाची.

किंमत डॉलरमध्ये दिसली. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागले, त्यात अर्धा तास गेला. नवे मोठे गेमही इथे सगळे मिळत नाहीत. हे आधीच सांगतो, नंतर मला बोल लावू नका. पण पैसे भरल्यावर सरळ इन्स्टॉलरची, म्हणजे गेम कॉम्प्युटरवर टाकायची फाईल मिळते. त्यांचं गॅलक्सी नावाचं ॲप आहे, ते घ्यायलाच हवं असं नाही. फाईल उतरवली, वायफाय बंद केलं, इन्स्टॉल केला. लॉगिन मागितलं नाही, ओटीपी मागितला नाही. खेळून बघितल्यावरही तीस दिवसांत पैसे परत मागता येतात.

ही फाईल कुणालाही कॉपी करून देता येते, अडवणारं कोणी नाही. म्हणूनच कृपा करून देऊ नका. एवढा विश्वास टाकणारं दुकान आपल्या हाताने बुडवायचं का? मित्राला आवडला तर त्याला विकत घ्यायला सांगा, सेलमध्ये दोनशे रुपयांच्या आत मिळतो.

शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन गावी गेलो. तिथे रेंज मिळवायला विहिरीपर्यंत चालत जावं लागतं. माझा जुना लॅपटॉप तिथेच असतो, त्यावर गेम टाकला. नॉर्वेतलं पहिलं मिशन, आणि पहारेकऱ्यावर क्लिक केलं की त्याची नजर दाखवणारा तो हिरवा पट्टा, इकडून तिकडे फिरणारा. ग्रीन बेरेट नावाच्या आपल्या सैनिकाला सरपटत पुढे नेत होतो. दादा पाणी प्यायला उठला होता, तो मागेच थांबला.

"थांब. आता वळेल."

रात्री दीडपर्यंत बसलो. दुसऱ्या मिशनला अडकलोय. पेनड्राइव्ह तिथेच, आईच्या कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवून आलोय.