2073 साली बघू

महिनाअखेरीला वाण्याची वही समोर आली की तुमचा चेहरा पडतो ना? तुम्ही अजून रुपयांत विचार करता, म्हणून पडतो. टक्क्यांत विचार करायला शिका.

मी परवा लालबागच्या आमच्या वाण्याकडे हे करून पाहिलं. "भाऊ, मागचे अकरा हजार चारशे," तो म्हणाला.

"शेठ, आकडा बघू नका. माझ्या वर्षाच्या कमाईच्या मानाने बघा. प्रमाण घटलंय."

"आकडा तर वाढलाय."

"वाढणारच. पण पुढच्या वर्षी पगार दहा टक्क्यांनी वाढेल असं मी धरून चाललोय." (केंद्राच्या 2025-26च्या अर्थसंकल्पातही जीडीपीची, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या कमाईची, वाढ साधारण एवढीच धरली होती, उगाच नाही.)

त्याने कानामागची पेन्सिल काढली, वहीवर दोनदा आपटली आणि काउंटरवरची तेलाची पिशवी हळूच आपल्या बाजूला ओढून घेतली. शिक्षण कमी, दुसरं काय.

तुम्ही मात्र धीर सोडू नका. आधी घरात शिस्तीचा कायदा करा. केंद्राने 2003 साली केला. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवायलाही उसने काढावे लागणं. ती 2008च्या मार्चपर्यंत शून्यावर आणायची होती. मग मुदत 2009 झाली. पुढे तुटीची व्याख्या जरा बदलून 2015, मग 2018. आणि 2018 साली तो विषयच अभ्यासक्रमातून काढून टाकला! नापास होण्याची भीती कायमची संपली. (खरं सांगायचं तर 2007-08ला राजकोषीय तूट, म्हणजे वर्षाच्या एकूण खर्चासाठी काढावी लागणारी उसनवारी, जीडीपीच्या तीन टक्क्यांच्या खाली गेली होती. पण एखाद्या वर्षाच्या सद्वर्तनावरून कुणाला नावं ठेवू नयेत.)

त्याच 2018मध्ये नवा विषय आला: केंद्राचं कर्ज 2024-25पर्यंत जीडीपीच्या 40 टक्क्यांवर आणायचं. मध्ये कोविड आला, हे कबूल. ते वर्ष आलं तेव्हा कर्ज पंचावन्नच्या वरच होतं. आता 2031च्या मार्चपर्यंत 50 टक्के, एक इकडे किंवा एक तिकडे. हा 'एक' म्हणजे जीडीपीचा एक टक्का, 2025-26च्या हिशेबाने साधारण साडेतीन लाख कोटी रुपये. तुम्हीही बायकोला सांगून ठेवा, सातला घरी येतो, एक इकडे किंवा एक तिकडे.

काही उधारी मेव्हण्याच्या नावावर ठेवा. अन्नधान्याच्या अनुदानाचे पैसे सरकारने द्यायचे, तर अन्न महामंडळच अल्पबचतीच्या निधीतून कर्ज काढून वेळ मारून न्यायचं. सरकारच्या वहीत तूट दिसायचीच नाही. 2021च्या अर्थसंकल्पात ते कर्ज वहीत आलं. मेव्हण्याला एवढी वर्षं दम निघेल का, ते तुमचं तुम्ही बघा.

मुलाला महिन्याला 1500 देत असाल तर 2100 कबूल करून टाका. कधी द्यायचे? परिस्थिती सुधारली की. मंत्रालयातल्या 2025-26च्या अंदाजात राज्याचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जात होतं, पण राज्याच्या वर्षाच्या कमाईशी प्रमाण बघाल तर एकोणीस टक्क्यांच्या आसपास. झोप लागायला हरकत नाही.

आणि मुदत घ्यायचीच तर मोठी घ्या. फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2023मध्ये केंद्रासाठी 7.46 टक्क्यांचे पन्नास वर्षांचे रोखे विकले. मुद्दल 2073 साली परत. असे लांबचे रोखे घेतात प्रामुख्याने विमा कंपन्या आणि पेन्शन फंड. म्हणजे तुमच्या विम्याच्या हप्त्यातून सरकार कर्ज काढणार आणि त्याचं व्याज तुमच्याच करातून भरणार. घरातल्या घरात मामला! 2025-26च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दर चार रुपयांतला एक व्याजालाच ठेवलेला होता, पण घरातला पैसा घरातच फिरतो म्हटल्यावर मोजायचा कशाला?

रविवारी मी 2047पर्यंतचा आलेख काढून पुन्हा वाण्याकडे गेलो. उधारीची रेघ टिंबाटिंबांनी खाली उतरत नेलेली, हिरव्या शाईत. त्याने चष्मा वर करून ती शेवटच्या टिंबापर्यंत नीट पाहिली. मग काही न बोलता पेन्सिलीने डोक्यावरची तेलकट पाटी दाखवली: आज रोख, उद्या उधार.

"केव्हाची आहे हो ही?"

"वडिलांनी लावलेली," तो म्हणाला. "एकदाही बदलावी लागली नाही."

तेल मी रोखीने आणलं.