बापाच्या मातीचा हिशेब मागणाऱ्यांना

"आत्या, सिराज खरंच पैशासाठी बापाच्या मातीला आला नव्हता का?" परवा जेवताना भाच्याने विचारलं आणि माझा घास हातातच राहिला. भाचा दहावीत आहे, गावाकडून शिकायला परभणीत माझ्याकडे राहतो, वेळ मिळाला की बॉल घेऊन ग्राउंडवर पळतो. सिराजवरचा तो मेसेज घरच्याच ग्रुपवर आला होता. टाकणारा माझा सख्खा थोरला भाऊ, म्हणजे या लेकराचा बाप.

भारताची टीम परदेश दौऱ्यावर निघाली की हा मेसेज कुठून तरी वर येतोच. २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियात आपण कसोटी मालिका २-१ ने जिंकलो ती सगळी बनवाबनवी होती, असं त्यात म्हटलंय. मुद्दे पाच. समोर ऑस्ट्रेलियाची 'बी टीम' होती, स्मिथ आणि वॉर्नर बंदीमुळे बाहेर होते. ॲडलेडला ३६ वर ऑलआउट होणं ठरवून केलेलं होतं. सिडनीत वर्णद्वेषी शिव्यांचं नाटक वेळ काढायला केलं. ब्रिस्बेनला पावसाने वाचवलं. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरात, आपला फास्ट बॉलर मोहम्मद सिराज मॅचच्या फीसाठी बापाच्या मातीलाही आला नाही, 'अशा लोकांना' बाप काय आणि देश काय.

मी पाचव्यापासून सुरू करते. बाकीचे चार चुकीचे आहेत, हा विषारी आहे.

सिराजचे वडील मोहम्मद गौस हैदराबादला ऑटो चालवायचे. फुप्फुसाच्या आजाराने ते २० नोव्हेंबर २०२० ला गेले. भारतीय टीम त्याच्या आठवडाभर आधी, १२ नोव्हेंबरला सिडनीत उतरली होती आणि १४ दिवसांच्या क्वारंटाइनमध्ये होती. सराव करून खोलीवर परत यायचं, एवढीच मोकळीक. सरावाहून आल्यावर या पोराला बाप गेल्याचं कळलं. बीसीसीआयने तेव्हाच जाहीर निवेदन काढून सांगितलं होतं की, घरी जायचं असेल तर जा, असं आम्ही सिराजला विचारलं आणि त्याने टीमसोबत राहायचं ठरवलं. म्हणजे लपवाछपवी कसलीच नव्हती.

आता 'मातीला आला नाही' म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. मुसलमानांत दफन शक्यतो त्याच दिवशी करतात, फार तर दुसऱ्या दिवशी. भारतात येणारी-जाणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं मार्चपासून बंद होती, मोजकी खास विमानं तेवढी चालू होती. सिडनीहून हैदराबादला त्या काळात पोचायचं म्हटलं तरी माती होऊन गेलेली असती. म्हणजे तो निघाला असता तरी बापाचं तोंड त्याला दिसणार नव्हतं. आणि परत ऑस्ट्रेलियात जायचं तर पुन्हा १४ दिवस बंद खोली. त्याच्या आईनेच त्याला फोनवर सांगितलं की थांब, वडिलांचं स्वप्न पूर्ण कर. हे त्याने स्वतः नंतर सांगितलेलं आहे. ज्या बाईचा नवरा गेला ती म्हणते थांब, आणि परभणी-बीडमधल्या मोबाइलवरचे लोक म्हणतात का थांबला?

राहिला पैसा. २०१७ च्या आयपीएल लिलावात सिराजला २ कोटी ६० लाख मिळाले होते. कसोटीची फी एका सामन्याची १५ लाख. ती मिळते खेळल्यावर, आणि हा पोरगा मालिकेत खेळणार असं २० नोव्हेंबरला कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. कसोटी त्याच्या नावावर एकही नव्हती. बुमराह, शमी, उमेश यादव हे तिघे त्याच्या पुढे होते. ॲडलेडला शमीचा हात मोडला तेव्हा कुठे २६ डिसेंबरला मेलबर्नमध्ये सिराजला पहिल्या कसोटीची टोपी मिळाली. महिनाभर परदेशात, एकट्याने, बापाचं दुःख गिळत, खेळायला मिळेल याचा भरवसा नसताना राहिलेल्या माणसाला पैशासाठी थांबला म्हणता?

दादा, आता तुला एक विचारते. १९९९ च्या वर्ल्डकपमध्ये सचिनचे वडील गेले. तो इंग्लंडहून आला, अंत्यसंस्कार करून परत गेला आणि २३ मे ला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. शतक झाल्यावर त्याने आभाळाकडे पाहिलं तेव्हा आपल्या वाड्यात टीव्हीसमोर तू रडला होतास. मी शेजारी बसले होते. सचिनलाही त्याच्या आईनेच परत जा म्हटलं होतं. २००६ च्या डिसेंबरात कोहलीचे वडील रात्रीतून गेले, सकाळी तो दिल्लीसाठी रणजीला कर्नाटकाविरुद्ध बॅटिंगला उतरला, ९० करून मग स्मशानात गेला. त्याला आपण काय म्हणालो? जिद्द म्हणालो. मग सिराजने तेच केलं तर तो पैशाचा पुजारी कसा झाला? फरक काय आहे ते मेसेजमधल्या 'अशा लोकांना' या दोन शब्दांत लिहिलेलंच आहे. तू वाचलं नसशील, किंवा वाचून पुढे गेला असशील. पण पोराने वाचलं.

आणि माती म्हणशील तर मावशीची आठव. एप्रिल २०२० मध्ये मावशी पुण्यात गेली. जिल्ह्याच्या सीमा बंद, पास मिळेना, अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा. तू गावात, मी परभणीत. मावसभावाने व्हिडिओ कॉल लावला. नेट तुटत होतं, चितेच्या जागी नुसते चौकोन दिसत होते, आणि आई त्या चौकोनांना हात जोडून बसली होती. आपल्याला कुणी विचारलं नाही, मातीला का आला नाहीत म्हणून. सगळ्यांना माहीत होतं. त्याच वर्षात तो सिडनीत होता, समुद्रापलीकडे.

सिराज घरी परतला २१ जानेवारी २०२१ ला. हैदराबादच्या विमानतळावरून तो घरी न जाता आधी कब्रस्तानात गेला. बापाच्या कबरीवर फुलं घातली, दुआ मागितली, मग आईकडे गेला. त्या दिवशीचा फोटो सगळ्या पेपरात होता. मेसेज लिहिणाऱ्याला तो दिसला नाही.

बाकीचे चार आता पटापट.

'बी टीम'. हे लिहिणाऱ्याने दोन दौरे एकात कालवलेत. स्मिथ-वॉर्नर बंदीमुळे बाहेर होते ते २०१८-१९ मध्ये. मार्च २०१८ ला केपटाउनच्या कसोटीत बॉल घासल्याचं प्रकरण झालं, त्यामुळे त्यांच्यावर वर्षाची बंदी आली आणि तेव्हाचा दौरा आपण त्यांच्याशिवाय जिंकलो. त्या विजयाचं वजन त्यामुळे थोडं कमी होतं, एवढं मी मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. पण २०२०-२१ ला स्मिथ चारही कसोटी खेळला, सिडनीत त्याने १३१ केल्या. वॉर्नर दुखापतीतून उठून शेवटच्या दोन कसोटी खेळला. कमिन्स, हेझलवूड, स्टार्क, लायन हे चौघं बॉलर चारही कसोटीत तेच. ब्रिस्बेनला उतरले तेव्हा त्या चौघांच्या मिळून हजारावर विकेट होत्या, लायनची तर ती शंभरावी कसोटी. आपल्याकडचे पाच बॉलर? सिराजच्या दोन कसोटी झालेल्या, सैनीची एक, शार्दूल ठाकूरची एक, आणि त्या एकीत तो दहा बॉल टाकून जखमी होऊन बाहेर गेलेला. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांची पहिलीच. म्हणजे पाच जणांच्या मिळून चार कसोटी. शमी, उमेश, बुमराह, अश्विन, जडेजा सगळे जायबंदी, विहारीची मांडी गेलेली, कोहली पहिल्या कसोटीनंतर लेकीच्या जन्मासाठी घरी. मालिकेत आपण २० खेळाडू वापरले. बी टीम होती हो, पण आपली होती. हे सगळं धावफलकावर आहे, कुणाला विचारायचीही गरज नाही. मी चारही कसोटींचे धावफलक भाच्याच्या मोबाइलवर उघडून दिले आणि म्हटलं, तूच मोज.

ॲडलेडचे ३६. ठरवून हरायचं तर पहिल्या डावात ५३ ची आघाडी घेऊन कोण हरतं? हेझलवूडने ८ धावांत ५ घेतले, कमिन्सने २१ मध्ये ४. बॉल जेवढा वळायला हवा तेवढाच वळत होता आणि आपली प्रत्येक बॅट त्याला कड देत होती. मयांकच्या ९ या सर्वांत जास्त. कमिन्सचा बॉल हातावर बसून शमी मैदान सोडून गेला, हाड मोडलं, मालिका संपली. स्वतःचा हात मोडून घेऊन कुणी सट्टा लावत नाही.

पाऊस. ब्रिस्बेनला पाऊस आला होता, खरं आहे. दुसऱ्या दिवशी चहानंतर खेळ झाला नाही, चौथ्या दिवशीही लवकर थांबला. पण पाऊस ड्रॉ करून देतो, ३२८ करून देत नाही. पाचव्या दिवशी भेगा पडलेल्या पिचवर पुजाराने बरगडीवर, खांद्यावर, बोटावर, हेल्मेटवर बॉल खाल्ले आणि २११ बॉलमध्ये ५६ करून एक बाजू धरून ठेवली. गिलने ९१ केल्या, पंत नाबाद ८९. ब्रिस्बेनच्या या गाबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर एकदाही हरली नव्हती. हुरड्याचे दिवस होते, परभणीची थंडी, मी पहाटे पाचला उठून रजई गुंडाळून टीव्हीपुढे बसायची. भाचा तेव्हा पाचवीत होता, सुट्टीसारखाच माझ्याकडे आलेला. पंतने हेझलवूडला समोर चौका मारला तेव्हा तो पलंगावरून खाली उडी मारताना पडला आणि रडायचंही विसरला. त्याला सांगायचं की ते पावसाने झालं?

सिडनीवर मात्र थांबावं लागतं, कारण इथे मेसेजवाल्याने खोट्याच्या मध्ये एक खरी गोष्ट खुबीने घुसवलीय. १० जानेवारीला, चौथ्या दिवशी, सीमारेषेवर उभ्या असलेल्या सिराजने पंचांकडे जाऊन सांगितलं की प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या येताहेत. खेळ काही मिनिटं थांबला, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं. मेसेज म्हणतो ते सहा जण निर्दोष निघाले. हो, निघाले. क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या, म्हणजे तिथल्या बोर्डाच्या चौकशीत त्या लोकांनी वर्णद्वेषी शिव्या दिल्याचं आढळलं नाही. पण त्याच चौकशीचा निष्कर्ष, जो मेसेजमध्ये कापून टाकलाय, असा आहे की भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी शिवीगाळ झाली. हे त्यांनी आयसीसीला, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेला कळवलं. देणारे सापडले नाहीत एवढंच. आपल्या बोर्डाचा नव्हे, ज्यांच्या मैदानात झालं त्यांचाच हा कबुलीजबाब आहे, याहून मोठा पुरावा कुठून आणायचा? आणि वेळ काढण्याचं म्हणशील तर तक्रार पहिल्यांदा गेली ती आदल्या दिवशीचा खेळ संपल्यावर, बुमराह आणि सिराज दोघांकडून. चौथ्या दिवशी खेळ थांबला तेव्हा बॅटिंग ऑस्ट्रेलियाची चालली होती, थोड्याच वेळात त्यांनी डाव घोषित केला. सामना वाचवला तो नंतर १३१ ओव्हर खेळून, विहारीने मांडी ओढत १६१ बॉलमध्ये २३ करून आणि अश्विनने पाठ धरून १२८ बॉल खेळून. पंचांनी मैदान सोडायची मुभा दिली होती, असं सिराजने सांगितलंय. कर्णधार रहाणे म्हणाला, आम्ही खेळायला आलोय. वेळच काढायचा असता तर ही संधी कोण सोडतं?

त्या शिव्या खाऊन सिराजने ब्रिस्बेनला दुसऱ्या डावात ७३ धावांत ५ विकेट घेतल्या. मालिकेत १३ विकेट, आपल्याकडून सर्वांत जास्त.

हैदराबाद आपल्याला परकं कधीपासून झालं, दादा? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्याच संस्थानात होतो. तुझं ऑपरेशन हैदराबादला झालं, माझ्या लग्नाच्या साड्या तिथून आल्या. तिथल्या ऑटोवाल्याच्या पोराचा बाप गेला तर आपल्याला वाईट वाटायला हवं होतं.

आता मूळ गोष्ट, जी तुला फोनवर सांगितली नाही. भाच्यासोबत रोज नेटला बॉलिंग टाकणारा एक मुलगा आहे. मुसलमान आहे, त्याचेही वडील ऑटो चालवतात, आमच्याच गल्लीतून शाळेची मुलं नेतात. तुझा मेसेज भाच्याने आधी काही न वाचताच ग्राउंडच्या ग्रुपवर पुढे ढकलला, बापाने पाठवलाय म्हणून. त्या मुलाने रात्रीच ग्रुप सोडला. तीन दिवस झाले, तो ग्राउंडवर आलेला नाही. काल संध्याकाळी भाचा त्याच्या घरापर्यंत जाऊन दारातून परत आला, आत जायची हिंमत झाली नाही म्हणाला.

उद्या रविवार आहे. तू सकाळच्या बसने ये. पोराला घेऊन आपण त्या मुलाच्या घरी जाऊ, बोलायचं ते तूच बोल. तोवर ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकलास, तिथे हे माझं लिहिलेलं टाक.