नाशिक बोर्ड 'वेगळं' नाहीये, तो मेसेज थांबवा
आपल्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतंय की नाशिक बोर्ड स्वतंत्र आहे, पेपर वेगळा काढतं, म्हणून इथल्या दहावीच्या मार्कांना पुण्यात किंमत नाही. हे चुकीचं आहे. बोर्ड एकच, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, १९६५ च्या कायद्याने झालेलं, मुख्यालय पुण्यात आणि त्याची ९ विभागीय मंडळं, त्यातलं आपलं नाशिक, ज्यात धुळे, जळगाव, नंदुरबारपण येतात. विभागाचं काम परीक्षा पार पाडणं, पेपर तपासून घेणं, निकाल लावणं, अभ्यासक्रम मात्र सगळ्या राज्याला सारखाच. घरातली मार्कशीट काढून बघा ना, वर राज्य मंडळाचं नाव आहे, विभागाचं त्याखाली. पोरं आधीच टेन्शनमध्ये असतात हो, प्लीज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.